दुखणं कुठं, गाठ कुठं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे," आणि नेमकी त्याच वेळी खाली रस्त्यावर गणपतीची मिरवणूक आली. ढोलवाले असे बदडून राहिले होते की खिडकीच्या काचा हलत होत्या. मला ऐकू आलं ते एवढंच: फायब्रो. पुढचं सगळं ढोलानं खाल्लं. मी परत विचारलं. बाईंनी परत सांगितलं. ढोल परत वाजला. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. मागं दारात पुढचा पेशंट उभा होता आणि कंपाउंडर माझ्याकडं असा पाहत होता, जशी मी त्याची खुर्ची घेऊनच पळणार होते.

बाई नागपूरच्या. संधिवाताच्या डॉक्टर, म्हणजे सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यांच्या. महिन्यातून एका रविवारी गोंदियाला येतात. त्या रविवारी जिल्हाभरातले गुडघे, कंबरा आणि माना त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून असतात. हो, जिन्यावर! ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावर दवाखाना. हे ज्याला सुचलं त्याला मला एकदा भेटायचं आहे.

ढोल पुढं गेल्यावर बाई आणखी बरंच बोलल्या. हा आजार खरा आहे, जिवाला धोका नाही, रिपोर्टमध्ये तो दिसत नाही. मला त्यातलं शेवटचं तेवढं टोचलं. पुन्हा तेच. दिसत नाही. मी मान हलवत राहिले आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन खाली उतरले. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलं होतं म्हणे. असेल. डॉक्टरांचं अक्षर वाचायला दुसरा डॉक्टर लागतो.

मी संगीता. गोंदियाजवळ कुडव्याला घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, पिको, फॉल, सगळं करते, पण नाव आहे ते ब्लाउजच्या फिटिंगचं. आमगाववरून बायका येतात. आमचे हे राइस मिलमध्ये बॉयलरवर असतात. मुलगा पुण्याला नोकरीला. हे मी लिहून राहिले आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांचं सगळं अंग दुखते आणि रिपोर्ट सगळे चांगले येतात. मी काही शहाणी होऊन लिहीत नाही. माझा गोंधळ अजून सरलेला नाही. पण एका चुकीतून मी थोडक्यात वाचले, ती तरी तुम्हाला कळावी.

सुरुवात कुठून झाली ते विचारू नका. आधी डावा खांदा दुखायचा. म्हटलं, जन्मभर मशीन चालवली, खांदा दुखणारच. मग मान. मग कंबर. मग सकाळी उठून पाय जमिनीवर टेकवला की तळवे असे ठणकायचे, जसं कोणी रात्रभर माझ्याकडून धान मळून घेतलं. मग जबडासुद्धा. जबड्यानं काय असं मोठं काम केलं होतं, सांगा बरं?

झोप यायची, पण पुरायची नाही. नऊला पडायची, सहाला उठायची, आणि उठतानाच थकलेली असायची. आणि डोकं! डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. माप घेता घेता आकडा निसटून जायचा. एकदा मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. गिऱ्हाईक शेजारचीच होती, हसली आणि म्हणाली, "भाभी, मेरे दो बायें हाथ हैं क्या?" ती गेल्यावर मी दार लावून रडले. इतकी वर्षं शिवणाऱ्या हाताला बाहीची दिशा विसरायला होते, हे काय साधं आहे?

सगळ्यांत विचित्र म्हणजे कपडा लागायचा. माझ्याच हातानं शिवलेल्या ब्लाउजची बाही मला दंडाला चावायची. शेवटी मी माझ्या सगळ्या ब्लाउजच्या शिलाया उसवून सैल केल्या. मला हसूही आलं. आमगावच्या माझ्या मोठ्या जाऊ, रेखाबाई, त्यांची गर्भाची पिशवी काढली तेव्हापासून त्याही ब्लाउज सैलच मागतात. "खांद्यावर दाब नको ठेवू वं," म्हणतात. मी चिडवायची, "काय बाई, फिटिंगची हौस भागली वाटते!" आता मीच त्या लायनीत लागले होते. म्हटलं, झालं, म्हातारपण आलं.

पहिल्यांदा गेले ते हाडांच्या डॉक्टरांकडे. चांगला तरुण मुलगा, हिंदी बोलणारा.

"कहाँ दुखता है? पॉइंट करके बताओ."

मी खांदा दाखवला. मग मान. मग कंबर, मांड्या, कोपर, तळवे. तो बोटांकडं पाहत पाहत थकला.

"ऐसे कैसे पूरा बदन? एक जगह बताओ ना, सबसे ज़्यादा कहाँ?"

आता रोज जागा बदलते, तर मी त्याला कालची सांगू की आजची? मी खांदा म्हटलं. त्यानं खांद्याचा एक्स-रे काढला. खांदा छान निघाला.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर, म्हणजे सांधे आतून खाणारा संधिवात आहे का ते पाहतात. सीआरपी, म्हणजे अंगात कुठं सूज आहे का. थायरॉईड. युरिक अ‍ॅसिड. डी जीवनसत्त्व थोडं कमी निघालं, त्याची पावडर दुधातून घेतली. बाकी सगळं नॉर्मल. डॉक्टर खुश झाला. "सब नॉर्मल है, भाभीजी. टेंशन मत लो." आमचे हेही खुश झाले. मी एकटीच त्या खुर्चीत बसून होते, आणि माझं सगळं अंग ठणकून राहिलं होतं.

घरी येताना गाडीवर हे म्हणाले, "नॉर्मल हाये म्हणते डॉक्टर. मंग काऊन दुखून राहिलं?"

"मले काय माहीत!"

"नाही, मी सहज विचारून राहिलो."

सहजच विचारत होते, हे मला माहीत आहे. माणूस वाईट नाही. पण हा प्रश्न मग रोजचा झाला. त्यांचा, शेजारणींचा, फोनवर मुलाचा. आणि प्रत्येकाजवळ आपापलं उत्तर तयार. एक म्हणाली, मोबाइल कमी पाहा. एकीनं तीळ तेल सांगितलं. एकजण तर तोंडावरच बोलली, "दिसते तर चांगली हट्टीकट्टी." आग लागो तुझ्या डोळ्यांना, असं माझ्या तोंडात आलं होतं, पण तिचे तीन ब्लाउज शिवायचे बाकी होते.

खरं सांगते, एक तरी रिपोर्ट वाईट यावा असं मला वाटायला लागलं. असं कोणी देवाजवळ मागते का? मी मागितलं. काहीतरी निघू दे रे बाबा, म्हणजे मला दाखवता येईल. कारण मलाच आता शंका यायला लागली होती. दुखते का खरंच? का मी कामाला कंटाळले, आणि माझं मन मलाच फसवून राहिलं? मशीनवर बसताना मी स्वतःला तपासायची: आता दुखते का? हो. आता? हो. आता खोटं तर नाही दुखत ना? सांगा, याचं उत्तर माणूस कसं शोधणार?

नागपूरच्या बाईंकडे मला त्याच हाडांच्या डॉक्टरानं पाठवलं, हे त्याचे उपकार. बाई आधी काही बोलल्याच नाहीत. मान, खांदे, छातीचा वरचा भाग, कोपराच्या बाजूला, कंबरेच्या खाली, गुडघ्याच्या आतून, अंगठ्यानं दाबत गेल्या. मला वाटलं, या माझं माप घेऊन राहिल्या की काय. प्रत्येक ठिकाणी मी "आई गं" म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?" आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं, आणि त्यांनी अशी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. त्यानंतर तो शब्द आला, आणि त्यानंतर ढोल.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"फायब्रो काहीतरी."

"फायब्रो काय?"

"ऐकू नाही आलं. मिरवणूक होती."

यांनी मोबाइल काढला. यांना वाटते, जगातलं सगळं मोबाइलला ठाऊक आहे. यांनी फायब्रो एवढं टाइप केलं, आणि पुढचं त्या मोबाइलनंच पूर्ण केलं: फायब्रॉइड. खाली आपल्या मराठीत लिहिलं होतं, गर्भाशयातील गाठ. बायकांमध्ये नेहमी आढळणारी. कंबर दुखणे, थकवा.

"हे पाय, काय लिहिलं हाये! कंबर दुखणे, थकवा. तुलेच होते ना?"

होतंच की. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो. मला आठवते, यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. माझ्याही पडला असेल. तेव्हाच यांनी आमगावला फोन लावला आणि रेखाबाईंनी पलीकडून निकाल दिला: "अवं, मलेही हेच होतं ना! फायब्राइडच होतं. पिशवी काढून टाक, संगीता. आंग कसं हलकं होते पाय."

मग सोनोग्राफी झाली. आणि काय सांगू बापा, गाठ निघाली! वाटाण्याएवढी, पण निघाली. यांनी पेढे आणायचेच तेवढे बाकी राहिले. घरात कोणाला गाठ निघाली म्हणून इतका आनंद झाल्याचं मी तरी कुठं पाहिलं नाही. मला पहिल्यांदा वाटलं, मी खोटारडी नव्हते.

ज्या डॉक्टरांकडे ऑपरेशनचं विचारायला गेलो, ते म्हणाले, वय झालंच आहे, काढून टाका, विषय बंद. मी विचारलं, "डॉक्टरसाब, सगळं अंग यानंच दुखते का?" ते म्हणाले, "हो सकता है." हो सकता है! या तीन शब्दांवर आम्ही तारीख ठरवली. मंडईनंतर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्रीची नाटकं होतात, आणि प्रत्येकीला नवा ब्लाउज पाहिजे असतो. ते काम सोडून मी टेबलावर जाऊन झोपणार नव्हते.

आता खरं कारण सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या मनात तेच असेल. आमच्याकडे पिशवी काढली की डॉक्टर ती एका ट्रेमध्ये ठेवून बाहेर आणतात आणि नातेवाइकांना दाखवतात. पाहा, ही निघाली. रेखाबाईंची मी स्वतः पाहिली आहे. मोठे भाऊजी, सासूबाई, मी, नणंदा, आम्ही सगळे त्या ट्रेभोवती वाकून उभे होतो. सासूबाई म्हणाल्या, "बापा रे, एवढं घेऊन हिंडून राहिली होती बिचारी!" त्या दिवसापासून रेखाबाईंना कोणी पाण्याची घागर उचलू दिली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती बाई पहिल्यांदा दिवसाउजेडी खाटेवर झोपली. आम्ही तिला ताटात वाढून द्यायचो. आणि कोणीही, कधीही तिला विचारलं नाही की काऊन दुखते.

मला ती ट्रे पाहिजे होती. पिशवी जावो की राहो, मला त्याचं काही नव्हतं. यांनी, शेजारणींनी, सगळ्यांनी ट्रेभोवती वाकून उभं राहावं आणि म्हणावं, बिचारी.

मधल्या काळात बाईंच्या गोळ्या चालूच होत्या. रात्री घ्यायच्या. सुरुवातीला सकाळी गरगरायचं, मग झोप जरा खोल लागायला लागली. मी समजत होते, ही गाठीची गोळी आहे, ऑपरेशनपर्यंत गाठीला गप्प ठेवून राहिली.

ऑपरेशनच्या आधी फिटनेस लागते, म्हणजे भूल सोसेल का ते एका मोठ्या फिजिशियननं पाहून लिहून द्यायचं. हे डॉक्टर वयस्कर, भंडाऱ्याकडचे, आपल्यासारखेच बोलणारे. त्यांनी छातीची पट्टी काढली, बीपी पाहिलं, आणि विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मी पाकीट दाखवलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "ही कायची गोळी हाये?"

"गाठीची."

"कोणती गाठ?"

"पिशवीतली. फायब्रॉइडची."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "बाई, ही गाठीची नव्हे. ही नसांच्या दुखण्याची हाये. दिली कोणी?"

मी नागपूरच्या बाईंचं नाव सांगितलं, आणि चिठ्ठी दिली. दुसऱ्या डॉक्टरला ते अक्षर एका नजरेत वाचता आलं, मी म्हटलंच होतं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला दोन्ही शब्द वेगवेगळे करून सांगितले. फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली गाठ. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखण्याचा आजार, त्यात गाठ-बिठ काही नसते. "नाव सारखं, घराणं वेगळं," म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "पाळीचा त्रास हाये?"

"नाही."

"रक्त जास्त जाते? पोटात दुखते?"

"नाही."

"मंग पिशवी कायले काढून राहिल्या तुम्ही?"

काय सांगणार होते? ट्रे पाहिजे म्हणून? मी म्हटलं, "आंग दुखते."

"भूल तुम्हाले सोसेल. तसं मी लिहून देतो. पण आधी नागपूरच्या मॅडमले भेटा. त्याच्या आधी पिशवीले हात लावू देऊ नका."

हे बाहेर बाकावर बसून होते. सांगितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "म्हणजे ऑपरेशन नाही? आता लोकाईले काय सांगाचं?"

माझा जो तोल गेला! दवाखान्याच्या फाटकात उभी राहून मी ओरडले, "लोकाईले सांगा, बायको खोटारडी हाये! सांगा, तिले काई नाही झालं, ती नाटक करून राहिली!" पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. हे गाडीची किल्ली हातात घेऊन तसेच उभे. मग हळूच म्हणाले, "बस गाडीवर." मला राग कोणाचा आला होता, ते अजून नीट सांगता येत नाही. यांचा, ढोलवाल्यांचा, मोबाइलचा. आणि सगळ्यांत जास्त राग त्या वाटाण्याएवढ्या गाठीचा. एवढी भेटली होती, आणि तीही माझी नाही निघाली.

बाईंच्या पुढच्या रविवारी हे माझ्यासोबत आत आले. एरवी बाहेरच बसतात. या वेळी मिरवणूक नव्हती, मी सगळं ऐकलं. बाईंनी सोनोग्राफी पाहिली. म्हणाल्या, "गाठ आहे, पण लहान आहे आणि शांत आहे. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात. वर्षानं परत पाहू. पण तुमचं अंग दुखतंय ते तिच्यामुळे नाही. पिशवी काढलीत तर पिशवी जाईल. दुखणं राहील."

मग आमच्या यांनी घसा साफ केला. "मॅडम, मंग हिले खरंच दुखते?"

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. बाईंनी त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"हो. खरंच दुखतं. तुम्हाला-मला जिथं नुसता स्पर्श कळतो, तिथं यांना दुखतं. यांच्या नसा आणि मेंदू दुखण्याचा निरोप मोठा करून सांगतात. सांधे खराब नाहीत, हाडं खराब नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये येत नाही. रिपोर्ट चांगला म्हणजे माणूस चांगला, असं नसतं."

हे आपल्या चपलांकडं पाहत राहिले.

मला ते त्या दिवशी अर्धंच कळलं. घरी येऊन मशीनवर बसले तेव्हा थोडं आणखी कळलं. मशीनला धागा दाबायचा एक स्क्रू असतो, त्याला आम्ही टेन्शनच म्हणतो. तो जास्त आवळला गेला की कापड चांगलं, सुई चांगली, धागा चांगला, तरी शिलाई आखडते. तुम्ही कापड कितीही तपासा, त्यात दोष निघणार नाही. मी यांना मशीनजवळ बोलावून स्क्रू फिरवून दाखवला. यांना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मिलमध्ये कोणी विचारलं तर म्हणाले, "तिच्या नसाईचं टेन्शन वाढलं." आता अख्ख्या मिलला वाटते, मी फार टेन्शन घेते. जाऊ द्या.

मग पुढं काय, असं तुम्ही विचाराल. पुढं हेच, की हा आजार जात नाही, सोबत राहते. बाईंनी गोळी चालू ठेवली, झोपेची वेळ बांधून दिली आणि चालायला सांगितलं. चालायला! जिचं अंग दुखते तिला चाला म्हणतात! पहिल्या आठवड्यात मी बाईंना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. घरापासून चौकातल्या दवाईच्या दुकानापर्यंत जायची आणि परत यायची, बस्स. हळूहळू तलावापर्यंत जायला लागले. एक ब्लाउज झाला की मशीन सोडून उठायचं, दुसरा लगेच हाती घ्यायचा नाही. हे सगळ्यांत कठीण. ज्या दिवशी बरं वाटते त्या दिवशी चार दिवसांचं काम ओढायचं नाही, असं बाई बजावतात, कारण मग पुढचे चार दिवस खाटेवर जातात. मी हे तीनदा करून पाहिलं. बाईंचंच खरं निघालं.

पण सगळं समजलं असं समजू नका. काही दिवस छान जातात, यांच्या मागं बसून मी बोदलकशाच्या तलावावर जाऊन मासोळीही घेऊन आले. आणि काही दिवस काहीच न करता अंग ठणकते. काल काय वेगळं केलं ते मी शोधत बसते. आभाळ आलं होतं? भांडण झालं होतं? झोप मोडली होती? कधी उत्तर निघते, कधी नाही. पहिल्यासारखी मी त्यावर रडत नाही, एवढाच फरक. आणि हे आता 'काऊन दुखते' असं विचारत नाहीत. "आज कसं हाये?" म्हणतात. दोन शब्दांचाच फरक आहे, पण तुम्ही आजारी असाल तर तुम्हाला तो कळेल.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला शब्द ऐकू आला नाही, तर तिसऱ्यांदा विचारा. चौथ्यांदाही विचारा. पुढचा पेशंट थांबेल. शब्द पूर्ण लिहून घ्या, आणि मोबाइलला तो अर्धा पुरवू नका. आणि कोणी काही काढून टाकायचं म्हटलं, तर एकच प्रश्न विचारा: हे काढल्यावर माझं दुखणं जाईल का? उत्तर हो सकता है असं आलं, तर घरी या. त्या हाडांच्या डॉक्टरानं मला पुढं पाठवलं, त्या भंडाऱ्याकडच्या डॉक्टरांनी पाकीट उलटून पाहिलं, आणि बाईंनी माझ्या नवऱ्यासमोर तो "हो" म्हटला, या तिघांची मी जन्मभर ऋणी आहे.

राहिल्या रेखाबाई. त्यांना विचारूनच हे लिहिते.

मी ऑपरेशन रद्द केलं म्हणून त्या माझ्यावर चिडून होत्या. मंडई सरली, कापणी उरकली, तेव्हा पुतणीच्या लग्नासाठी ब्लाउजचं कापड घेऊन आमगाववरून गाडीनं आल्या. दारातच सुरुवात. "डॉक्टर फिरवून राहिले तुले. अवं, गाठ निघाली ना? मंग ठेवून कायले घेतली? माह्यावाली काढली, तर पाय, कशी हिंडून राहिली मी."

"बरं बाई," मी म्हटलं, "आधी उभ्या राहा, माप घेऊ द्या."

त्या उभ्या राहिल्या. बोलणं चालूच होतं. मी टेप खांद्यावर धरली आणि आकडा डोक्यातून निसटू नये म्हणून बोटानं जरा दाबून ठेवली. रेखाबाईंचा खांदा झटक्यानं खाली गेला. बोलणं थांबलं. मी टेप सोडली आणि नागपूरच्या बाईंनी माझ्या मानेखाली जिथं अंगठा ठेवला होता, तिथं हलकंच बोट टेकवलं.

"आई गं," रेखाबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी आरशात एकमेकींना पाहत होतो.

"बाई, तुम्हाले अजून दुखते?"

त्या आरशापासून वळल्या. मग पदर तोंडाला लावून खाटेवर बसल्या. "कोणाले सांगू, संगीता? साऱ्याईनं पिशवी पाहिली. आता दुखते म्हटलं, तर आता कोणतं काढून दाखवू?"

ज्या ट्रेसाठी मी जीव टाकत होते, ती ट्रे या बाईला भेटली होती. आणि त्या ट्रेमुळेच त्यांना इतकी वर्षं तोंड मिटून बसावं लागलं होतं. मीसुद्धा त्यांना फिटिंगवरून चिडवत होते. त्यांनाही माझाच आजार आहे की दुसरं काही, ते नागपूरच्या बाई पाहतील. येत्या रविवारी आम्ही दोघी त्या जिन्यावर बसणार आहोत.

पण त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "कुठं दुखते, बाई?"

"सगळ्या आंगात," त्या म्हणाल्या, आणि घाबरून माझ्याकडं पाहिलं, आता मी एक जागा दाखवायला लावते की काय म्हणून.

"हो," मी म्हटलं. "तसंच दुखते."